डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह चांगला, मग नवी किडनी लघवी का करत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वडिलांना पाच दिवसांपूर्वी पुण्यात मेंदूमृत दात्याची किडनी बसवली. किडनी कोल्हापूरहून रस्त्याने आली. तेव्हापासून तीन वेळा डॉप्लर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) झाली. प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहिलंय की मुख्य धमनी आणि शीर खुली आहे, किडनीच्या सगळ्या भागांत प्रवाह दिसतोय; शेवटच्या रिपोर्टमध्ये आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, त्याबद्दल पुढे सांगतो) 0.82. लघवी मात्र दिवसाला दीड-दोनशे मिलि, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) उतरत नाही आणि दोनदा डायलिसिस करावं लागलं. डॉक्टर म्हणतात, ‘रिपरफ्युजन इंज्युरी आहे, वाट बघू.’ म्हणजे थांबलेलं रक्त परत आल्यावर होणारी इजा. तुम्ही चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर आहात, फ्लो मीटरशी रोजचा संबंध आहे. तुमचं म्हणणं असं, की प्रवाह मोजला आणि तो चांगला निघाला, तर इजा कसली? आणि इजा असेल, तर ती कशाने मोजली?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची डॉप्लर करणं हे पुण्यात माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. तुमच्या वडिलांची चित्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या किडनीचं निदान इथे करणार नाही. पण तुमच्या प्रश्नातली गाठ नेमकी कुठे आहे ते सांगू शकतो. तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत: किडनीपर्यंत रक्त येतंय का, आत गेल्यावर ते कुठवर पोचतंय, आणि पोचलेल्या रक्ताचं पेशी काय करताहेत. रोजची डॉप्लर पहिल्या प्रश्नाचं उत्तर उत्तम देते, दुसऱ्याचं अर्धवट देते आणि तिसऱ्याचं देतच नाही. तुमच्या वडिलांचा त्रास बहुधा तिसऱ्यात आहे, थोडा दुसऱ्यात.

मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधी बघू. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं जवळजवळ एक लिटर दोन्ही किडन्यांकडे जातं. म्हणजे मुठीएवढ्या एका किडनीतून मिनिटाला अर्धा लिटर. एवढं रक्त तिला स्वतःच्या ऑक्सिजनसाठी लागत नाही, गाळण्यासाठी लागतं. यातलं सुमारे 90 टक्के बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये फिरतं, कारण गाळण्या तिथे आहेत. आतल्या गाभ्याला, मेड्युलाला, उरलेलं थोडं मिळतं. तिथे ऑक्सिजनचा दाब निरोगी माणसातही 10 ते 20 मिलिमीटर पारा एवढाच असतो. आणि नेमकं तिथेच, कॉर्टेक्सला लागून असलेल्या मेड्युलाच्या पट्ट्यात, मूत्रनलिकेचे (गाळलेलं पाणी पुढे नेणाऱ्या किडनीतल्या सूक्ष्म नळीचे) ते भाग आहेत जे दिवसरात्र सोडियम उपसत असतात. मेहनत सर्वांत जास्त आणि पुरवठा सर्वांत तुटपुंजा.

मुख्य धमनीवर ठेवलेलं कोणतंही मीटर या 90 टक्क्यांचाच आकडा दाखवणार. गाभ्याचा पुरवठा निम्म्यावर आला तरी एकूण बेरजेत तो फरक मोजणीच्या चुकीत विरून जाईल. तुमच्या भाषेत सांगायचं तर खडकवासल्याहून येणाऱ्या मोठ्या लाइनवरचं मीटर बघून चौथ्या मजल्यावरच्या नळाला धार आहे की नाही ते सांगता येत नाही.

आता इजेकडे येऊ. दात्याच्या शरीरात रक्तप्रवाह थांबला की किडनीतला एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, मिनिटांत संपू लागतो. म्हणून ती थंड द्रावणाने धुतात आणि बर्फात ठेवतात. चार अंशांच्या आसपास पेशींची भूक दहाव्या हिश्श्यावर येते, पण शून्यावर येत नाही. कोल्हापूर-पुणे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं. ग्रीन कॉरिडॉर केला की रस्त्यातला वेळ वाचतो. पण थंडीतल्या तासांत प्रवास हा एकच भाग असतो. क्रॉसमॅचचा (दाता आणि रुग्ण यांचं रक्त जुळतं का या तपासणीचा) रिपोर्ट, रुग्णाला बोलावणं, त्याचं डायलिसिस, ऑपरेशन थिएटर रिकामं होणं, हे सगळं त्यात मिळवायचं. मग किडनी बर्फातून बाहेर येते आणि रक्तवाहिन्या जोडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास ती रक्ताविना हळूहळू कोमट होत राहते. हा काळ घरच्यांना कुणी सांगत नाही. माझ्या मते तो विचारण्यासारखा आहे, कारण कोमट झालेल्या, उपाशी पेशीचं मिनिट बर्फातल्या मिनिटापेक्षा खूप महाग असतं.

रक्तवाहिन्यांवरचे क्लॅम्प, म्हणजे चिमटे, काढले की किडनी गुलाबी होते, हाताला टणक लागते, थिएटरमध्ये सगळ्यांना बरं वाटतं. इजेचा दुसरा अंक याच क्षणी सुरू होतो. रक्त नसताना पेशींत सक्सिनेट नावाचं रसायन साचलेलं असतं. ऑक्सिजन परत येताच मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, ते झपाट्याने जाळतात आणि त्या घाईत ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू भसकन तयार होतात. पेशीत कॅल्शियम भरतं, मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात. केशवाहिन्यांचं अस्तर सुजतं, त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली संरक्षक प्रथिनांची साखळी जागी होते. मोठी धमनी खुली असताना काही केशवाहिन्यांत रक्त शिरतच नाही, याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात. रक्त थांबल्यामुळे झालेलं नुकसान आणि ते परतल्यामुळे झालेलं नुकसान अशी दोन्हींची बेरीज तुमच्या वडिलांच्या किडनीत असावी.

मग लघवी का थांबते? मेलेल्या आणि सुटून आलेल्या पेशींचे बोळे मूत्रनलिकेत अडकतात. गाळलेलं थोडं पाणी फाटक्या भिंतीतून परत झिरपतं. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जखमी नलिका मीठ शोषू शकत नाही, म्हणून पुढे जास्त मीठ पोचतं. तिथला संवेदक ते ओळखतो आणि गाळणीत रक्त आणणारी धमनिका आवळून घेतो. किडनी स्वतःच गाळणं बंद करते, नाहीतर न शोषलेलं पाणी आणि मीठ लिटरच्या लिटर वाहून गेलं असतं. त्यामुळे अशा किडनीत रक्तप्रवाह थोडाफार घटलेला आणि गाळणं जवळपास शून्य, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. ‘प्रवाह चांगला’ आणि ‘लघवी नाही’ ही दोन वाक्यं एका रिपोर्टमध्ये शेजारी-शेजारी सुखाने राहू शकतात.

आता 0.82. हा आकडा प्रवाहाचा नाही, ही गोष्ट सर्वांनी नीट समजून घ्यावी अशी माझी कळकळ आहे, कारण नातेवाईक या एका आकड्यावर रात्र-रात्र जागतात. आकुंचनाच्या वेळचा शिखरवेग घ्यायचा, त्यातून हृदयाच्या विश्रांतीच्या शेवटी असलेला वेग वजा करायचा आणि शिखरवेगाने भागायचं. एखाद्याचे वेग सेकंदाला 50 आणि 9 सेंटिमीटर असतील तर उत्तर 0.82. दुसऱ्याचे 25 आणि 4.5 असतील तरी उत्तर 0.82 च. वेग निम्मा, आकडा तोच. यात मिलिलिटर कुठेच नाहीत. पुढे प्रतिकार आहे, की मागची धमनी कडक आहे, की दोन्ही, एवढीच कुजबूज त्यात ऐकू येते.

साधारण 0.6 ते 0.7 हा आकडा आम्ही ठीक मानतो, 0.8 च्या वर गेला की डोळे उघडे ठेवतो. पण तो वाढवणाऱ्या गोष्टींची रांग मोठी आहे. किडनीची सूज, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी परकी समजून तिच्यावर केलेला हल्ला), भोवती साचलेलं रक्त, मूत्रवाहिनीचा अडथळा, टॅक्रोलिमस हे रिजेक्शन रोखणारं औषध जास्त होणं ही किडनीच्या बाजूची कारणं. रुग्णाचं वय, मधुमेहाने कडक झालेल्या धमन्या, मंद नाडी ही रुग्णाच्या बाजूची. आणि डॉक्टरांनी प्रोब जोरात दाबला तरी तो वाढतो. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवलं, की ठरावीक महिन्यांनी नियमाप्रमाणे मोजलेला आरआय किडनीच्या बायोप्सीतल्या बदलांशी जुळत नव्हता, तो रुग्णाचं वय आणि रक्तवाहिन्यांची अवस्था सांगत होता. किडनी बिघडल्यामुळे केलेल्या बायोप्सीच्या वेळी मात्र नलिकांचा नाश किंवा प्रतिपिंडांमुळे झालेलं रिजेक्शन असेल तर तो चढलेला सापडला. म्हणजे आकडा पूर्ण निरुपयोगी नाही, पण त्यावरून कारण ओळखता येत नाही. तुमच्या वडिलांचं वय आणि किती वर्षं मधुमेह आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. पासष्टीच्या जुन्या मधुमेह्यात 0.82 आणि तिशीतल्या तरुणात 0.82 हे मी सारखं वाचत नाही.

मी स्वतः काय करतो तेही सांगतो. वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या छोट्या धमन्यांत मोजतो, तिन्ही आकडे लिहितो. रक्तदाब आणि नाडी रिपोर्टमध्ये नोंदवतो. हात हलका ठेवतो, कारण नवी किडनी कातडीच्या लगेच खाली असते आणि दाबली जाते. शक्यतो डायलिसिस संपल्या-संपल्या मोजत नाही. आणि एका आकड्यापेक्षा ओळ बघतो: 0.74, 0.78, 0.82 असा चढ असेल तर मी नेफ्रॉलॉजिस्टला फोन करतो. 0.84, 0.83, 0.82 असेल तर रिपोर्ट पाठवतो. तुमच्याकडे तीन रिपोर्ट आहेत, त्यातले आधीचे दोन आकडे बघा.

तुम्ही विचारलंय की वेग मिळतो, धमनीचा व्यास मिळतो, मग सरळ मिलिलिटर का काढत नाही? काढता येतात, पण व्यासाचा वर्ग होतो. पाच मिलिमीटरची धमनी साडेपाच वाचली तर क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. वर धमनी वाकडी, श्वासाबरोबर हलणारी, आणि अल्ट्रासाउंडचा कोन 60 अंशांच्या पुढे गेला की वेगातली चूक झपाट्याने फुगते. असा आकडा मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. ऑपरेशनच्या वेळी उघड्या धमनीवर ट्रान्झिट-टाइम प्रोब लावला तर मिलिलिटर खरोखर मिळतात. प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने पाठवलेल्या ध्वनीच्या वेळेतला फरक तो मोजतो, तुमच्या कारखान्यातल्या क्लॅम्प-ऑन मीटरचं तत्त्वही बहुधा तेच असेल. धमनीला पीळ पडलाय का, जोडात अडथळा आहे का, हे पोट बंद करण्याआधी कळायला तो फार चांगला. पण तोही मोठ्या लाइनवरचाच.

आत डोकावायचं तर दुसरी साधनं आहेत. सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंड मला यात सर्वांत भावतं. बुडबुडे तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून लहान, रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, आतला वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीला अपाय नाही. कॉर्टेक्स किती वेगाने उजळतो हे दिसतं, आणि एखादा तुकडा काळाच राहिला तर तिथे रक्त नाही हे स्पष्ट होतं. तरीही मिळणारा आलेख सापेक्षच, मिलिलिटर नाहीत. एमआरआयमध्ये रक्तालाच चुंबकीय खूण करून, कॉन्ट्रास्ट न देता, प्रवाह मोजता येतो, आणि बोल्ड पद्धतीने मेड्युलातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो. शास्त्र म्हणून फार सुंदर, पण पाचव्या दिवशीच्या रुग्णाच्या निर्णयासाठी ही रोजच्या वापरातली तपासणी झालेली नाही. न्यूक्लिअर स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देऊन काढलेली चित्रं, पुण्यात सहज होतो. नलिका जखमी असतील तर त्यात किडनीत रक्त येताना दिसतं, औषध आत साठत राहतं आणि मूत्राशयात उतरत नाही. हे चित्र तुमच्या प्रश्नाचं डोळ्यांना दिसणारं उत्तर आहे, मात्र रिजेक्शनला ते खात्रीने वगळू शकत नाही.

एक जुनी पद्धत मुद्दाम सांगतो, इंजिनिअरला ती पटेल. पीएएच नावाचं द्रव्य निरोगी किडनी एका फेरीत रक्तातून सुमारे 90 टक्के काढून घेते, म्हणून लघवीत किती आलं यावरून प्लाझ्माचा प्रवाह काढत. जखमी नलिका ते काढूच शकत नाही. त्यामुळे प्रवाह ठीक असला तरी हिशेबात तो कमी निघतो. इथे मीटर आणि बिघडलेली वस्तू एकच आहे. किडनीच्या शिरेतलं रक्त घेऊन किती काढलं गेलं ते वेगळं मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आणि इजा? तिला थेट मीटर नाही. क्रिएटिनिन उशिरा बोलतं, शिवाय डायलिसिसने ते खाली येतं, त्यामुळे आत्ता त्याचा उपयोग कमी. लघवीतले एन-गॅल, किम-1 हे पदार्थ जखमी नलिकेतून येतात, इजा लवकर दाखवतात, पण रिजेक्शनपासून तिला स्पष्ट वेगळं करत नाहीत. लघवीचा आकडाही फसवा असतो: वडिलांना ऑपरेशनआधी स्वतःच्या किडन्यांची दीड-दोनशे मिलि लघवी होतच होती का? होत असेल तर आत्ताची लघवी नव्या किडनीची आहे असं धरू नका. शेवटचं उत्तर बायोप्सीत मिळतं. किडनी चालू होत नसेल तर दर सात ते दहा दिवसांनी बायोप्सीचा विचार करावा, असं केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलं आहे. कारण नुसती इजा आहे असं समजून वाट बघत असताना तिच्या आडून रिजेक्शन सुरू झालं, तर ते बाहेरून दिसत नाही.

इथवर आल्यावर तुम्ही म्हणाल, मग डॉप्लर करता कशाला? कारण पहिला प्रश्न जीवघेणा आहे. नव्या किडनीला आजूबाजूच्या पर्यायी वाहिन्या नसतात. शिरेत गुठळी झाली तर किडनी सुजते, शिरेतला प्रवाह गायब होतो, धमनीत विश्रांतीच्या वेळी रक्त चक्क उलटं फिरताना दिसतं. हे दिसलं की मिनिटं मोजायची असतात, थेट थिएटर. तुमच्या वडिलांच्या तिन्ही रिपोर्टांनी हे नाही असं सांगितलं आहे. ही लहान बातमी समजू नका.

डॉक्टरांवर शंका न घेता तुम्ही त्यांना काही गोष्टी विचारू शकता. थंड आणि कोमट वेळ किती होता, दात्याचं शेवटचं क्रिएटिनिन काय होतं, क्लॅम्प काढल्यावर किडनी एकसारखी गुलाबी झाली का, दात्याविरुद्धचे प्रतिपिंड तपासलेत का, टॅक्रोलिमसची पातळी किती आहे, आणि बायोप्सी कोणत्या दिवशी करायचं ठरवलंय. शेवटच्या प्रश्नाला तारीख मिळाली तर ‘वाट बघू’ हे उपचारांचं नियोजन आहे हे तुम्हालाही जाणवेल.

उशिरा चालू होणारी किडनी हा अपवाद नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली बेस्ट-फ्लुइड्स चाचणी 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. मृत दात्याची किडनी मिळालेल्यांत साधं सलाइन दिलेल्या गटातल्या सुमारे 40 टक्के रुग्णांना पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागलं, संतुलित द्रव दिलेल्या गटात सुमारे 30 टक्के. म्हणजे चांगल्या केंद्रांतही दहातल्या तिघा-चौघांची सुरुवात अशीच होते. बहुतेकांची किडनी एक ते तीन आठवड्यांत चालू होते, काहींना जास्त लागतात, थोड्यांची होत नाही. तुमचे वडील यातले कुठले, हे दात्याचं वय, तासांचा हिशेब आणि बायोप्सी यांवर अवलंबून आहे.

तोवर एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. निरोगी किडनी रक्तदाब खालीवर झाला तरी आपला प्रवाह स्थिर ठेवते, जखमी किडनीने ती ताकद गमावलेली असते. डायलिसिसमध्ये जास्त पाणी घाईने ओढलं आणि दाब पडला, तर गाभ्याचा तो तुटपुंजा पट्टा पुन्हा उपाशी राहतो आणि घड्याळ मागे जातं. म्हणून पुढच्या डायलिसिसला वडिलांजवळ बसता आलं तर बसा. त्यांना गरगरलं, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या की मशीनवरचा आकडा येण्याची वाट न बघता लगेच टेक्निशियनला हाक मारा. आणि लघवी सुरू झाल्यावर ती कधी अचानक थांबली, तर कॅथेटर अडकलाय का ते आधी बघायला सांगा आणि त्याच तासात डॉप्लर मागा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.